सदोष मनुष्यवध

सदोष मनुष्यवध हा भारतीय फौजदारी कायद्यातील मनुष्यदेहाविरुद्धचा एक गंभीर अपराध आहे. मृत्यू घडवून आणण्याच्या उद्देशाने, मृत्यू घडण्याचा संभव असलेली शारीरिक इजा करण्याच्या उद्देशाने, किंवा आपल्या कृतीमुळे मृत्यू घडण्याचा संभव आहे याची जाणीव असताना केलेल्या कृतीने एखाद्याचा मृत्यू घडवणे म्हणजे सदोष मनुष्यवध होय. भारतीय दंड संहिता, १८६० मधील कलम २९९ मध्ये असलेली ही व्याख्या १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मध्ये आहे.

== खुनाशी तुलना ==
प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतो. परंतु प्रत्येक सदोष मनुष्यवध हा खून नसतो. दोहोंतील भेद मुख्यतः उद्देशाच्या व संभवाच्या तीव्रतेचा आहे. केलेली इजा निसर्गक्रमानुसार मृत्यू घडवण्यास पुरेशी असेल, तर तो खून ठरतो. मृत्यूचा केवळ संभव असेल, तर सदोष मनुष्यवध. मुंबई उच्च न्यायालयाच्या १८७६ मधील गोविंदा खटल्यात पतीने पत्नीला खाली पाडून तिच्या छातीवर गुडघा रोवला व चेहऱ्यावर ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मरण पावली. मारण्याचा उद्देश नव्हता व इजा निसर्गक्रमानुसार मृत्यूस पुरेशी नव्हती, म्हणून न्यायमूर्ती मेल्व्हिल यांनी हा खून मानला नाही.

== अपवाद ==
पुढील परिस्थितीत खुनाची कृतीही सदोष मनुष्यवधच गणली जाते:
* गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे आत्मसंयम सुटणे
* खाजगी संरक्षणाच्या हक्काची मर्यादा सद्भावनेने ओलांडणे
* लोकसेवकाने सद्भावनेने अधिकारमर्यादा ओलांडणे
* पूर्वनियोजनाविना अचानक उद्भवलेले भांडण
* अठरा वर्षांवरील व्यक्तीची स्वतःच्या मृत्यूस संमती

पहिल्या अपवादाचा आधार मुंबईतील नानावटी खटल्यात घेण्यात आला होता. पत्नीच्या कबुलीनंतर गोळीबार होईपर्यंत शांत होण्यास पुरेसा अवधी मिळाला होता, असे नमूद करून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये खुनाची दोषसिद्धी व जन्मठेप कायम ठेवली.

== शिक्षा ==
खुनास मृत्युदंड किंवा जन्मठेप व द्रव्यदंड आहे (कलम १०३). खून न ठरणाऱ्या सदोष मनुष्यवधास, उद्देश असल्यास, जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षांचा कारावास व द्रव्यदंड, तर केवळ जाणीव असल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास व द्रव्यदंड होतो (कलम १०५). उद्देश व जाणीव दोन्ही नसताना निष्काळजीपणाने घडलेला मृत्यू हा कलम १०६ खालील वेगळा अपराध आहे.