गाणे कोणाचे?

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५८ च्या सुमारास पाच विद्यार्थ्यांनी ‘हेक्टिक्स’ नावाचे एक लहानसे वाद्यपथक उभे केले होते. झांझिबारहून शिकावयास आलेला फारोख बुलसारा हा पारशी मुलगा त्यात पियानो वाजवीत असे. मुख्य गायक दुसराच होता. हाच मुलगा पुढे इंग्लंडात फ्रेडी मर्क्युरी या नावाने गाऊ लागला. त्या वेळी मात्र तो स्वतः पुढे होता आणि साथीला असलेल्या तिघांशी त्याला वीस वर्षे जमवून घ्यावे लागले.

‘क्वीन’ हे पथक लंडनमध्ये १९७० साली स्थापन झाले. गिटारवादक ब्रायन मे भौतिकशास्त्राचा अभ्यासक, बेस गिटार वाजविणारा जॉन डीकन विद्युत्‌शास्त्राचा पदवीधर, आणि ड्रमवादक रॉजर टेलर याने दंतवैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडलेले. खरी अडचण या विद्वत्तेची नव्हती. अडचण अशी, की चौघेही गीते रचीत. ज्या पथकात एकच रचनाकार असतो तेथे बाकीचे निमूटपणे साथ करतात. येथे प्रत्येक तबकडीवर जागा थोडी आणि दावेदार चार.

१९७५ साली मर्क्युरीचे ‘बोहेमियन रॅप्सोडी’ बाहेर पडले. जवळजवळ सहा मिनिटांचे हे गीत नभोवाणीवर कोणी लावणार नाही, अशी शंका व्यापाऱ्यांनी घेतली. पण ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले. त्या तबकडीच्या मागील बाजूस टेलरचे स्वतःच्या मोटारीवरील प्रेमाचे एक गाणे होते. हे मागे जावे म्हणून टेलर एका कपाटात कोंडून बसला होता, अशीही कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, व्यवहार मात्र खरा होता : विक्रीतील रचनाकाराचा वाटा दोन्ही बाजूंना सारखाच. लोकांनी तबकडी घेतली ती मर्क्युरीच्या गीतासाठी. टेलरलाही तेवढेच द्रव्य मिळाले. यावरून पथकात पुष्कळ काळ धुसफूस चालली.

पुढचा तंटा चालीचा होता. १९८० साली डीकनने रचलेले ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात नृत्याचा ठेका होता आणि तो मर्क्युरीला मनापासून आवडला. म्युनिकच्या नृत्यगृहांत रमलेल्या मर्क्युरीने व डीकनने १९८२ च्या ‘हॉट स्पेस’मध्ये हाच मार्ग धरला, तेव्हा मे याची गिटार मागे पडली. डीकनच्या ‘बॅक चॅट’ या गीतात गिटारचा स्वतंत्र तुकडा असावा की नसावा, यावर दोघांत कडाक्याचा वाद झाला. अखेर तुकडा राहिला. रसिकांनी मात्र ही तबकडी फारशी उचलून धरली नाही. १९८३ साली चौघांनी विश्रांती घेतली आणि १९८५ च्या एप्रिलमध्ये मर्क्युरीची स्वतंत्र तबकडी निघाली. पथक मोडले, असे अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. पण त्याच वर्षीच्या १३ जुलैस वेंब्लीच्या मैदानात सुमारे वीस मिनिटे चौघे एकत्र वाजले, आणि ती शंका तेथेच विरली.

तंट्यावरचा तोडगा १९८९ च्या ‘द मिरॅकल’च्या वेळी सापडला. गीत कोणीही रचो, त्याखाली नाव फक्त ‘क्वीन’चे. इतका साधा तोडगा सुचावयास जवळजवळ वीस वर्षे का लागावीत? कदाचित प्रत्येकाचा हट्ट होता म्हणूनच गीतेही इतकी निरनिराळी झाली.

त्या वेळी मर्क्युरी आजारी होता. १९९१ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधील माँत्र येथे तो आणि मे ‘मदर लव्ह’ हे गीत मिळून रचीत होते. एकेक कडवे मे लिहून देई आणि मर्क्युरी गाई. शेवटचे कडवे उरले असता, थकलो आहे, परत येऊन पुरे करीन, असे सांगून तो गेला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याचे निधन झाले. १९९५ साली ती तबकडी निघाली, तेव्हा शेवटचे कडवे मे याने आपल्या आवाजात गाईले होते.