निवांत गळ टाकून

माझा भाचा ग्लासगोजवळ राहतो. पुढच्या उन्हाळ्यात मी आणि बायको तिकडे जाणार, म्हणून त्याने आत्तापासून एक बेत आखून ठेवलाय. आठवडाभर नुसते मासे पकडायचे. दोन दिवस लॉकवर (लॉक म्हणजे तळं, पण शेवटचं अक्षर ते लोक घशातून काढतात, जवळपास आपल्या 'ख'सारखं), दोन दिवस नदीवर आणि उरलेले समुद्रकिनारी. किल्ले बघायचे नाहीत, बशी पकडायच्या नाहीत. "मामा, तू फक्त टोपी घेऊन ये, बाकी सगळं मी बघतो," असं त्याचं म्हणणं.

घरात हे कळल्यावर जे व्हायचं तेच झालं. वहिनी म्हणाल्या, "मासेच हवेत तर स्टेशनबाहेर मिळतात की, विमान कशाला?" बायकोचा प्रश्न जास्त अवघड होता. तिकडच्या बऱ्याच नद्यांमध्ये २०१६ पासून पकडलेला सामन मासा परत पाण्यात सोडावाच लागतो, असा कायदा आहे. ती म्हणाली, "सोडायचाच असेल तर पकडायचा कशाला?"

आमच्या मोरिवलीत मासे पकडणं म्हणजे वलगण. आता हे गाव एमआयडीसीमुळे ओळखलं जातं, पण ज्यांनी शेतं पाहिली आहेत त्यांना वलगण सांगायला नको. पहिला मोठा पाऊस झाला, ओढे फुगले की मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने शेतांकडे चढायला लागतात. मग पाग, टोपली, जुनी मच्छरदाणी, जे हाताला लागेल ते घेऊन आणि बत्त्या पेटवून माणसं रात्री चिखलात उतरतात. दोन-तीन दिवसांची नुसती धांदल, आणि मग घरोघरी कालवण. यात निवांतपणाचा लवलेश नाही. काठी धरून तासन्‌तास पाण्याकडे बघत बसायचं हा साहेबाचा शौक, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं.

पण इतिहास जरा वेगळं सांगतो. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२चं, म्हणजे इ. स. १०६०चं. त्यानंतर साधारण सत्तर वर्षांनी कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ तयार झाला. (कल्याणी म्हणजे आपलं कल्याण नव्हे बरं का, कर्नाटकातलं बसवकल्याण.) मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ माहीत असतो तो त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे, आणि खवय्यांना त्यातल्या पाककृतींमुळे. पण राजाच्या करमणुकींच्या भागात 'मत्स्यविनोद' नावाचं एक अख्खं प्रकरण आहे, त्याकडे फारसं कुणी बघत नाही. समुद्रातले मासे कुठले, नदीतले कुठले, खवल्यांचे कुठले, बिनखवल्यांचे कुठले, कुणाला काय चारायचं, काठी आणि दोरी कशी असावी, सगळं त्यात आहे. सुंदरलाल होरा या प्राणिशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला. इंग्रजीतला गळाच्या मासेमारीवरचा पहिला छापील मजकूर १४९६चा, आणि आयझॅक वॉल्टनचं प्रसिद्ध पुस्तक १६५३चं. म्हणजे आमचा सोमेश्वर त्यांच्याआधी साडेतीनशेहून जास्त वर्षं गळ टाकून बसला होता. मला सगळ्यात आवडतो तो त्यातला 'विनोद' हा शब्द. खेळ, मन रमवणं. पोटाचा त्यात संबंध नाही. बायकोच्या प्रश्नाला निदान एक जुनं उत्तर मिळालं.

साहेब आला तो मात्र सामन आणि ट्राउटच्या आठवणी घेऊन. ट्राउट इकडे रुजवायचे त्याने पुष्कळ खटाटोप केले. स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांपासून काश्मिरात १९००च्या सुमारास ते जमलं, नंतर निलगिरीतही जमलं. सह्याद्रीचं पाणी त्या माशाला गरम पडतं. मग इथल्या नद्यांमधला जो सगळ्यात दांडगा मासा, महसीर, त्यालाच साहेबाने आपला सामन मानलं. आपल्या दख्खनच्या महसीरची शास्त्रीय नोंद कर्नल साईक्सने १८३९ मध्ये केली, पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. नावसुद्धा त्याने इथल्याच लोकांच्या तोंडचं घेतलं, 'खुद्री'. पुढे मद्रासकडचे सनदी अधिकारी एच. एस. टॉमस यांनी १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिलं आणि महसीर सामनपेक्षाही जोरकस लढतो असं ठणकावून सांगितलं. नुसते आकडे बघा. ब्रिटनमधला गळाने पकडलेला सगळ्यात मोठा सामन जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी ७ ऑक्टोबर १९२२ रोजी टे नदीत पकडला, ६४ पौंडांचा. आपल्या दक्षिणेतल्या कबिनी नदीत १९४६ मध्ये महसीर मिळाला तो १२० पौंडांचा!

मुंबईच्या साहेबांची आणि शेठ लोकांची सोय पवईला झाली. पवई तलाव १८९१च्या आसपास पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, पण पाणी पिण्यालायक ठरेना, मग तो मासे पकडणाऱ्यांच्या हाती आला. १९३०च्या दशकात तिथे मंडळ उभं राहिलं, त्याचंच पुढे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन झालं. तिथल्या जलपर्णीबद्दल आणि मगरींबद्दल वर्तमानपत्रात येतच असतं, त्यामुळे पवईवर फार थांबत नाही.

मला जास्त जवळची वाटते ती टाटांच्या तलावांची गोष्ट, कारण ती आमच्या नळापर्यंत येते. घाटमाथ्यावर आंद्रा नदी ठोकरवाडीला अडवली, तिचं पाणी बोगद्यातून आणि नळांतून कर्जतजवळच्या भिवपुरीला खाली सोडलं आणि १९२२ मध्ये तिथे वीज तयार व्हायला लागली. जॉर्जिनाबाईंनी टे नदीवर तो सामन ओढला त्याच वर्षी. इंद्रायणीकडे, म्हणजे पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जायचं ते पाणी वीज करून झाल्यावर उल्हास नदीत उतरतं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही गावं बारा महिने उल्हासवर तहान भागवू शकतात, त्यात या पाण्याचा मोठा वाटा आहे. आपण पितो ते पाणी अर्धं घाटावरचं आहे, हे इथे किती जणांना ठाऊक असेल?

धरणांनी वीज दिली, पण महसीरची वाट अडवली. तोही वलगणीच्या माशांसारखाच पावसाळ्यात उलटा चढून अंडी घालणारा. त्यात सुरुंग लावून मासे मारणं, विष टाकणं हे प्रकार वाढले. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७०च्या सुमारास लोणावळ्याच्या तलावांतल्या महसीरच्या माद्यांची अंडी हाताने काढून, फलित करून, वाहत्या पाण्यात पिल्लं तयार करून दाखवली. टाटांनी वळवणला त्याचं केंद्रच काढलं. लाखो पिल्लं तिथून देशभर गेली. अनेक वर्षं धोक्यात गणली गेलेली ही जात आता आंतरराष्ट्रीय यादीत कमी चिंतेच्या गटात आली आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय या कामाला दिलं जातं.

इथेच गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण यातली काही पिल्लं कावेरीत सोडली गेली. हेतू चांगलाच होता, तिथले गळवाले हौशी लोकही खूश होते. कावेरीत मात्र तिचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महसीर होता, तो १२० पौंडांचा वाटतो तोच. आपला लोणावळ्याचा मासा तिथे इतका फोफावला की कुबडवाला हळूहळू दिसेनासा झाला. त्याचं नेमकं शास्त्रीय नाव कुठलं हे ठरेपर्यंत २०१८ साल उजाडलं, आणि त्याच वर्षी तो अतिधोक्यातल्या यादीत गेला. एका नदीतला वाचवलेला मासा दुसऱ्या नदीत पाहुणा म्हणून गेला आणि घरमालक होऊन बसला. कुलकर्णींना दोष द्यावासा मला वाटत नाही. नदी म्हणजे नळ नव्हे, एवढं त्या काळी कुणाच्या फारसं ध्यानात येत नव्हतं.

भाच्याच्या बेताकडे वळायचं, तर तिकडची मला सगळ्यात वेगळी वाटलेली गोष्ट मासा नाही, मालकी आहे. स्कॉटलंडमध्ये सामन पकडण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी मालमत्ता आहे. नदीकाठची जमीन एकाची, मासा दुसऱ्याचा, असं असू शकतं. तो हक्क विकता येतो, वारसाने येतो. रविवारी सामनला गळ लावायचा नाही, हा कायदाही पाळला जातो. समुद्रावर मात्र कुणीही काठी घेऊन बसावं. गरिबाला नदीपासून लांब ठेवणारी ही रीत मला मुळीच आवडत नाही. पण प्रत्येक तुकड्याला कुणीतरी धनी असल्याने पाणी खराब झालं तर भांडायला एक माणूस उभा असतो, हेही खरंच. अर्थात तेही पुरलेलं नाही. २०२३ मध्ये ब्रिटनमधला सामन धोक्यातल्या यादीत गेलाच.

आमची वालधुनी सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. काकोळ्याच्या डोंगरात उगम, पुढे शिवमंदिराला लागून वाहणार, मग उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीकडे. तिच्यात गळ टाकून मासे काढलेली म्हातारी माणसं आमच्या गावात अजून आहेत. २०१४च्या नोव्हेंबरात तिच्यात कुणी टँकरने रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना वायूमुळे दवाखाने गाठावे लागले. आज वालधुनीच्या काठी काठी घेऊन बसलात तर लोक तुम्हाला घरी पोचवतील.

तरीसुद्धा या भागात एक जागा अशी आहे जिथे मासा खरोखर निवांत असतो, आणि तिथे मालकी ना सरकारची ना शेठची. महाड तालुक्यात, रायगडाच्या परिसरात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठी वरदायिनी देवी. डोहातले मासे देवीचे, त्यांना कुणी गळ लावायचा नाही, जाळं टाकायचं नाही, हा नियम गावाने पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला. त्यामुळे महसीर तिथे हातहातभर वाढतात. काठावरून चुरमुरे टाकले की पाणी काळं होतं, इतके वर येतात. कुणी शिकवलेलं नाही, पाटी पाहिजे तर नंतर लागली असेल, भीती मात्र जुनी आहे.

स्कॉटलंडचं बघू पुढच्या वर्षी, व्हिसा मिळाला तर. या हिवाळ्यात आम्ही दोघं महाडला जाणार आहोत. सकाळी लवकर निघून कर्जत, खोपोली, पेण करत. बायकोने गळाचं नाव काढायचं नाही असं बजावलंय, आणि चुरमुरे दोन किलो घ्यायचे की तीन यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.