गार्डन रीचचे मासे आणि हौशी माणसे

कलकत्त्याचा किल्ला मागे टाकल्यावर हुगळी नदी पश्चिमेकडे वळते. या वळणाच्या डाव्या काठाला कंपनी सरकारच्या काळापासून गार्डन रीच असे नाव आहे. नाविकांच्या बोलीत ‘रीच’ म्हणजे नदीच्या दोन वळणांमधला सलग दिसणारा पट्टा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांचे बागबंगले उभे राहिले. समुद्रावरून येणाऱ्या जहाजांतील प्रवाशांना कलकत्त्याचे पहिले दर्शन घडे ते या बंगल्यांचेच. बंगल्यांच्या पायऱ्या नदीत उतरत आणि त्या पायऱ्यांखालच्या पाण्यात चैत्र-वैशाखात तपसी मासा येई.

हा मासा अंडी घालण्यासाठी खाडीतून वर गोड्या पाण्यात चढतो. त्याच्या गळ्याजवळून लांब तंतू लोंबतात. त्या दाढीमुळे बंगाली माणसाने त्याला तपस्वी ठरविले, आणि तपस्वीचा पुढे ‘तपसे’ झाला. इंग्रजांना मात्र त्याच्यात आंबा दिसला, कारण तो नेमका आंब्याच्या दिवसांत मिळे, म्हणून त्यांच्या तोंडी तो ‘मँगो फिश’ झाला. गाभोळीने भरलेला तपसी तळून खाणे हा कलकत्त्याच्या साहेबांच्या उन्हाळ्यातील एकमेव आनंद होता असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. बंगाली कवी ईश्वरचंद्र गुप्त (१८१२–१८५९) यांनाही या माशावर स्वतंत्र कविता लिहावीशी वाटली. एकाच माशाची ही दोन नावे पुढील साऱ्या हकिगतीची खूणगाठ म्हणून लक्षात ठेवावीत. हौशी माणसाने एक नाव दिले, आणि जाळे टाकणाऱ्याच्या मुखी दुसरे नाव आधीपासून होतेच.

बंगल्यांत राहणारा प्रत्येक साहेब शिकारी होता असे मात्र नाही. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि १७८४ मध्ये स्थापन झालेल्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स हे गार्डन रीचचे रहिवासी. पहाटे उठून ते येथून शहरात जात. त्यांच्या एका पत्रात घरच्या बागेचे वर्णन आहे. शेळीच्या दुधावर वाढणारा वाघाचा छावा आणि एक करडू त्यांच्या पत्नीच्या पायांशी खेळत असल्याचे ते लिहितात. छावा अगदी सौम्य आहे, भूक लागली नसेल तेव्हा, अशी पुस्ती जोडायलाही ते विसरत नाहीत. सोसायटीसमोर १७९३ साली केलेल्या दहाव्या वार्षिक भाषणात त्यांनी प्राणिशास्त्राचा विषय काढला, तोही एक हरकत नोंदविण्यासाठी. निसर्गाचा अभ्यासक निरपराध पक्ष्याला दुःख देतो ते कोणत्या अधिकाराने, असा त्यांचा प्रश्न होता. ज्या काळी बंदूक हेच प्राणिशास्त्राचे मुख्य साधन होते त्या काळी हा प्रश्न एकाकीच राहिला.

त्याचे उत्तर दिले नाही, पण वेगळी वाट दाखविली ती नदीच्या समोरच्या काठाने. तेथे शिबपूरला कर्नल रॉबर्ट किड यांनी १७८७ मध्ये स्थापन केलेले वनस्पती उद्यान आहे. १८१४-१५ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन हे त्याचे अधीक्षक होते. पुढे त्यांनी हॅमिल्टन हे आडनाव घेतले. तत्पूर्वी १८०७ ते १८१४ या काळात त्यांनी बंगाल-बिहारचे जिल्हे पायाखाली घालून लोक, पिके, उद्योग यांची पाहणी केली होती. या भ्रमंतीत ठिकठिकाणचे मासे पाहणे, कोळ्यांना नावे विचारणे, चित्रे काढून घेणे हा उद्योग चालूच होता. त्यांच्यासाठी प्राण्यांची चित्रे काढणाऱ्यांत हलुदार नावाचा बंगाली चित्रकार होता. १८१५ मध्ये स्वदेशी परतताना ही चित्रे बरोबर नेण्यास सरकारने मनाई केली. त्यामुळे १८२२ मध्ये एडिंबरोत प्रसिद्ध झालेला त्यांचा गंगेच्या माशांवरील ग्रंथ पुष्कळसा टिपणांच्या आधारे पुरा झाला.

हा ग्रंथ शास्त्रज्ञांचा म्हणून मान्य आहेच, पण तो खवय्याचाही आहे हे फारसे सांगितले जात नाही. पर, खवले, दात यांचे मोजमाप झाल्यावर मासा खायला कसा आहे, रुचकर की बेचव, काटे किती, कोण तो खातो, हेही हॅमिल्टन अनेकदा सांगून टाकतात. याहून महत्त्वाची आहेत त्यांनी दिलेली नावे. नव्या जातीला आश्रयदात्याचे नाव देण्याची पद्धत रूढ असताना त्यांनी कोळ्याच्या तोंडचा शब्दच उचलला आणि त्याला लॅटिन वेष चढविला. रोहिता, कतला, मृगला, कलबसू, चितला, पाबदा, टेंगरा, इलिशा. वंशाचे नाव पुढे अनेकदा बदलले, परंतु जातीचे नाव कायम राहिले. आज जगातील कोणत्याही संग्रहालयात रोहूच्या बरणीवर जी चिठ्ठी असते तिच्यावर कोणा अनामिक कोळ्याची वाणी उमटलेली असते. कोळ्याचे नाव मात्र कोठेच नाही.

हौसेने मासे धरणे ही गोष्ट या देशाला साहेबाने शिकविली असा समज कलकत्त्यातच, आणि तोही एका प्राणिशास्त्रज्ञानेच, दूर केला. त्यासाठी त्याला आपल्या दख्खनकडे वळावे लागले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचा विषय कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातील मत्स्यविनोद हा अध्याय. प्राचीन मराठीच्या अभ्यासकांना हा बाराव्या शतकातील ग्रंथ त्यातील मराठी पद्यपंक्तींमुळे परिचित आहे. पण भाषेच्या शोधात असलेल्यांचे लक्ष सहसा माशांकडे जात नाही! राजाने गळ कसा टाकावा, दोर कशाचा, काठी कशी, कोणत्या माशाला कोणते आमिष प्रिय, माशांना आधी चारा घालून कसे सोकवावे, हे सारे तेथे आहे. विनोद म्हणजे करमणूक. पोटासाठी नव्हे तर मनासाठी मासा धरण्याचा विचार इतक्या नीटपणे मांडणारा ग्रंथ जुन्या जगात क्वचितच सापडेल. त्याच ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणात रानडुक्कर, कासव, एवढेच काय, शेतातील उंदीर कसे शिजवावेत हेही सांगितले आहे. शिकारीची कथा आणि शिकारीचे ताट ही दोन्ही एकाच पोथीत असावीत हे राजाला स्वाभाविक वाटले.

साहेबांनी ही दोन्ही छापील पानांवर आणली. ‘ओरिएंटल स्पोर्टिंग मॅगझिन’ हे शिकाऱ्यांचे नियतकालिक १८२८ मध्ये मुंबईत निघाले. मंगळूरचे जिल्हाधिकारी एच. एस. थॉमस यांचे गळाच्या मासेमारीवरील पुस्तक १८७३ मध्ये आले. पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे प्रसिद्ध झालेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी मार्शल यांच्यासह शिकारी पक्ष्यांवरील तीन खंड १८७९ ते १८८१ या काळात कलकत्त्यात प्रसिद्ध केले. देशभरातील शिकाऱ्यांनी पत्रांतून कळविलेले अनुभव हा त्या खंडांचा मोठा आधार आहे. कोणते बदक चविष्ट आणि कोणत्याला चिखलाचा वास येतो याची चर्चाही त्यांत आहे. त्या काळी बंगालच्या दलदलीत राहणारे गुलाबी डोक्याचे बदक कलकत्त्याच्या बाजारात इतर बदकांबरोबर टांगलेले आढळे. ते १९३५ नंतर खात्रीने कोणाला दिसलेले नाही. शिकाऱ्यांनीच त्याची सर्वांत चांगली वर्णने लिहून ठेवली, आणि शिकाऱ्यांनीच ते मारले.

गार्डन रीचच्या काठावर प्राणी मारण्याऐवजी जमविण्याचा सर्वांत मोठा खटाटोप मात्र साहेबाने नव्हे, तर साहेबाने पदच्युत केलेल्या राजाने केला. अवधचा नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कलकत्त्यात आला. १८५७ च्या उठावात त्याला फोर्ट विल्यममध्ये कैदेत ठेवले गेले. १८५९ मध्ये सुटका झाल्यावर गार्डन रीचच्या मटियाबुर्ज भागात त्याने मृत्यूपर्यंत, म्हणजे १८८७ पर्यंत, दुसरे लखनौ वसविले. बालपण तेथेच घालविलेले उर्दू लेखक अब्दुल हलीम शरर यांनी तेथील पशुसंग्रहाचे वर्णन केले आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आठशेंहून अधिक माणसे जनावरांच्या दिमतीला होती. सुमारे तीनशे कबुतरे सांभाळीत, ऐंशी जण केवळ मासे सांभाळीत, तर तीस-चाळीस जण सापांच्या बरदास्तीस होते. रेशमी पंखांच्या कबुतरांच्या एका जोडीस चोवीस हजार रुपये मोजल्याचेही शरर सांगतात. राज्य गेलेला राजा वनराजांचे दरबार भरवितो, यात थोडा वेडेपणा आणि बरेचसे कारुण्य आहे. कलकत्त्याच्या बिर्याणीतील बटाट्याचे श्रेय त्याच्या मुदपाकखान्याला देण्याची प्रथा आहे. त्या ऐंशी मत्स्यपालांचे श्रेय कोणी कोणाला देत नाही. नवाब गेला आणि सरकारने हा सारा पसारा मोडून विकला.

योगायोग असा की ज्या वर्षी नवाब वारला त्याच १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, आणि तिचे मुख्य कार्यालय पुढे गार्डन रीचलाच आले. नवाबाच्या वास्तूंपैकी एक बंगला रेल्वेच्या ताब्यात गेला. आज दक्षिण-पूर्व रेल्वेचा कारभार याच काठावरून चालतो. नागपूर, भंडारा, गोंदिया या आपल्या मुलखातील रुळांचा हिशेब दीर्घ काळ हुगळीच्या काठी लिहिला जात होता. गोंदियाहून चांद्याकडे जाणारा फाटा ज्या प्रदेशातून जातो तो तळ्यांचा प्रदेश. कोहळी समाजाने बांधलेली ही तळी हिवाळ्यात बदकांनी भरून जात. कडेला दाट जंगल. हौशी बंदूकवाल्यांना याहून काय हवे होते? देवळगाव स्थानकाजवळचे नवेगावबांध हे त्यांतील मोठे तळे. १९७५ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे ते मराठी वाचकाच्या घरचे झाले. धीवर आणि गोंड यांच्या तोंडची पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावे चितमपल्ली यांनी जतन केली. हॅमिल्टनने केलेले काम दीडशे वर्षांनंतर मराठीत झाले, आणि ते अधिक कृतज्ञतेने झाले असे म्हणावे लागेल.

बंदुकीची हौस कायद्याने संपली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला वेसण घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार बंद केली. गळाची हौस उरली आहे. कलकत्त्याचा हौशी बंगाली आजही पैसे भरून तळ्याकाठी छत्री लावून दिवसभर बसतो. पेंड, भाजलेली मेथी आणि एकांगीचा सुवासिक कंद यांपासून केलेल्या त्याच्या चाऱ्याची कृती तो सख्ख्या भावालाही पुरती सांगत नाही. गळाला लावायला त्याला तांबड्या मुंग्यांची अंडी लागतात. बस्तर-गडचिरोलीच्या जंगलात त्याच मुंग्यांची अंड्यांसकट चटणी वाटली जाते. एकाचे आमिष ते दुसऱ्याचे कालवण.

हुगळीच्या माशांनी मात्र रेल्वेचा प्रवास केला. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांना इंजेक्शनद्वारे माशांचे प्रजनन साधले. तोपर्यंत रोहू, कतला, मृगल यांचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे, आणि बंगालमधून ते रेल्वेच्या डब्यांत पाण्याच्या भांड्यांतून दूरदूरच्या प्रांतांत जाई. पुढे हे झपाट्याने वाढणारे मासे विदर्भाच्या तळ्यांतही सोडले गेले. सहकारी संस्थांच्या हिशेबवह्यांत आज तीच तीन नावे दिसतात. बाजारात त्यांना भाव आहे. पण तळ्याच्या मूळच्या लहान माशांची संख्या घटली, पाणवनस्पती गेल्या, आणि त्यांच्यावर जगणारी बदकेही कमी झाली, असे धीवरांचे म्हणणे आहे. गोंदिया-भंडाऱ्यातील काही गावांत धीवर स्त्री-पुरुषांनी पुढाकार घेतला आहे. उन्हाळ्यात तळे आटले की त्याच्या तळाची नांगरट करून ते देशी पाणवनस्पती पुन्हा लावतात. देशी मासे परतण्यासाठी त्यांना आधी त्यांचे खाद्य आणि आसरा द्यावा लागतो, हे ज्ञान त्यांच्याकडे वंशपरंपरेने आलेले आहे. इकडे फराक्का धरण १९७५ मध्ये सुरू झाल्यापासून गंगेत वर चढणाऱ्या इलिशाची वाट अडली आहे. गार्डन रीचच्या पायऱ्यांखालून आज गोदीत जाणारी जहाजे जातात. धीवरांच्या तळ्यांवर नांगरटीनंतरच्या पहिल्या पावसाची वाट पाहिली जाते, आणि पाणी भरल्यावर जाळ्यात काय येते ते बायका बारकाईने निवडून पाहतात.