खोडा, तुरुंग, कैद

'तुरुंग' म्हटले की संस्कृत 'तुरंग' आठवून घोड्यामागे धावण्याचा मोह होतो. पण शब्द समुद्रामार्गे आलेला दिसतो. पोर्तुगीज 'त्रोंकु', त्यामागे लॅटिन 'त्रुंकुस', म्हणजे झाडाचे खोड. लाकडाला भोके पाडून अपराध्याचे पाय त्यात अडकवीत. पुढे त्या लाकडाचे नाव सबंध इमारतीला मिळाले असावे. गंमत अशी की हाच प्रवास मराठीने घरच्या घरी अर्धा केला होता : खोड, त्यावरून खोडा. ('जित्याची खोड' याच झाडाची फांदी का, हे कोडे वाचकांसाठी.)

'कैद' अरबी. मूळ अर्थ पायातली बेडी. पण नोंदवहीतल्या नोंदीलाही अरबीत 'कैद'च म्हणतात. पळू पाहणारे ज्ञान लेखणीने बांधावे, अशी कल्पना त्यामागे असावी. फारसी काव्यशास्त्रात तर यमकातल्या एका अक्षराचेच नाव 'कैद' आहे!

आपला 'बन्ध्' धातू तरी कुठे वेगळा? फारसी 'बंद' त्याचा सख्खा चुलतभाऊ, त्यामुळे बंदिखाना आणि निबंध एकाच कुळातले. 'ग्रंथ'सुद्धा गुंफणे, गाठ मारणे यातलाच. ताडपत्रे दोऱ्यात ओवीत, त्यावरून पोथीला हे नाव पडले असावे. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने गाण्याचे निबद्ध आणि अनिबद्ध असे दोन भाग केले आणि आलाप अनिबद्धात घातला. आजचा गवई मात्र बंदिशीच्या आत शिरूनच मोकळा होतो. बांधणे आणि कोंडणे यांत आपल्या भाषांनी फारसा न केलेला फरक दिसतो, तो इथे.

मंडालेत टिळकांना सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून बांधलेल्या वह्या आणि पेन्सिल, एवढेच. 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांत 'गीतारहस्य' उतरले. आणि विषय कोणता, तर कर्माने माणसाला बंध पडतो का! 1914 साली टिळक सुटले तरी वह्या काही काळ सरकारजमाच राहिल्या. पुस्तक निघाले 1915 साली.

1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. याला अरबाने 'कैद'च म्हटले असते. पुस्तकाचे नाव मात्र 'गीता प्रवचने' पडले. त्यात धातू 'वच्', बोलणे. 'बन्ध्' कुठेच नाही.