डोंगीची डिंगी झाली

काशीच्या घाटांवर पहाटे उभ्या राहिलेल्या मराठी यात्रेकरूला परकेपणा असा वाटत नाही. दशाश्वमेधाला लागूनच अहिल्याबाईंच्या नावाचा घाट आहे. प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघावे तो शिंद्यांचा घाट लागतो, पुढे नागपूरकर भोसल्यांचा. हे दगड कोणी बसवले ते सांगणारे तेथे पुष्कळ भेटतात. पण त्याच पायऱ्यांच्या तळाशी दोन वल्ह्यांची जी लहानशी नाव दोरीला बांधलेली डुलत असते, तिची कथा सहसा कोणी सांगत नाही. तिला कोणी डेंगी म्हणतो, कोणी डोंगी. बंगाल्यात ती डिंगी होते. इंग्रजांनी हा शब्द उचलला, त्यातला ‘ग’ कठोर उच्चारला जावा म्हणून लिहिताना त्यात एक ‘एच’ घातला, आणि आज ऑलिंपिकच्या दर्यावर ज्या शिडाच्या होड्या शर्यतीला उतरतात त्यांतल्या कित्येकींचे कुळनाम हेच आहे.

गंगेवरील नावांच्या संसारात डोंगीचे स्थान अगदी खालचे. सपाट तळाचा, फळीवर फळी चढवून बांधलेला, भल्या मोठ्या सुकाणूचा पटेला धान्य व कापूस वाही. खोल्या असलेला बजरा साहेबांचा आणि सावकारांचा. मोराच्या आकाराची नाळ मिरवणारी मोरपंखी राजेरजवाड्यांची. डोंगीने या थोरामोठ्यांची माणसे किनाऱ्याला आणावी, निरोप पोचवावे, मासे धरावे. तथापि वेळ आली म्हणजे राजालाही लहान नावच उपयोगी पडते. ऑगस्ट १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंगास शिवाल्याच्या वाड्यात अटकेत ठेवले, तेव्हा राजाने पागोट्यांना पागोटी बांधून खिडकीतून खाली उडी घेतली आणि तळाशी उभ्या असलेल्या नावेतून पैलतीर गाठला. थोड्याच दिवसांत स्वतः हेस्टिंग्जला काशी सोडून चुनारच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला.

होळीनंतरच्या मंगळवारी भरणारा बुढवा मंगळ हा काशीचा नौकोत्सव. टांकसाळीचा अधिकारी म्हणून काशीत दहा वर्षे राहिलेल्या जेम्स प्रिन्सेपने १८३० नंतर प्रसिद्ध केलेल्या आपल्या चित्रसंग्रहात या मेळ्यालाही स्थान दिले आहे. दिव्यांनी लखलखणाऱ्या नावा, त्यांवरील छत, गाणे, नाच असा तो थाट असे. चढाओढ तेथेही होती. परंतु ती वेगाची नव्हती, वैभवाची होती. आपली नाव दुसऱ्याच्या नावेसारखी दिसली तर तो यजमानाचा पराभवच!

शर्यतीच्या डिंगीचे शास्त्र नेमके याच्या उलट आहे. १८८७ साली आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या किनाऱ्यावर, थॉमस मिडल्टन नावाच्या गृहस्थाने एक कल्पना मांडली. श्रीमंताने दरसाल नवी, अधिक वेगवान होडी बांधावी आणि इतरांनी मागे राहावे, ही कसली शर्यत? सर्वांच्या होड्या एकाच मापाच्या, एकाच आराखड्याच्या असाव्यात. मग उरेल ते केवळ माणसाचे कसब. त्याच्या ‘वॉटर वॅग’ या वर्गापासून एकरूप होड्यांची परंपरा सुरू झाली. आणि योगायोग असा की त्याच १८८७ साली काशीला राजघाटाजवळ गंगेवरचा रेल्वेपूल खुला झाला. आगगाड्यांनी नदीवरच्या वाहतुकीचा मोठा हिस्सा ओढून नेला. त्या पुलाला ज्याचे नाव दिले तो व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन स्वतः आयरिश उमराव आणि शिडाच्या जहाजाचा षौकी होता. तरुणपणी, १८५६ साली, तो ‘फोम’ नावाच्या जहाजातून थेट आइसलंडपर्यंत जाऊन आला होता. (हा पूल पुढे मालवीयजींच्या नावाने ओळखला जाऊ लागला.)

मिडल्टनच्या कल्पनेला विसाव्या शतकात फार फळे आली. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये क्लार्क मिल्सने मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ काढली. पेटीला शीड लावावे तशी बोथट नाळेची, सव्वादोन मीटरांहून किंचितच अधिक लांबीची. आज जगातील कितीतरी नामांकित नाविकांचा श्रीगणेशा हिच्यातच होतो. १९४९ मध्ये स्वीडनच्या रिकार्ड सार्बीने ‘फिन’ रेखली. एकट्याने हाकण्याची, धिप्पाड माणसाचेही खांदे दुखवणारी ही होडी १९५२ पासून ऑलिंपिकमध्ये होती आणि टोकियोच्या स्पर्धेनंतर तेथून निवृत्त झाली. डेन्मार्कच्या पॉल एल्व्हस्ट्रॉमने १९४८ ते १९६० अशा लागोपाठ चार ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळवले, त्यांतील तीन फिनमध्ये. जॅक होल्टची दोघांनी चालवण्याची, निळ्या शिडांची ‘एंटरप्राइज’ १९५६ मधली. पीटर मिल्नची ‘फायरबॉल’ १९६२ मधली. ‘४७०’चे नाव म्हणजे तिची सेंटिमीटरमधील लांबीच. आणि ब्रूस कर्बीची ‘लेझर’ १९७१ मध्ये बाजारात आली, तिने तर मिडल्टनचा विचार टोकाला नेला: ठरावीक कारखान्यांतून बाहेर पडलेल्या होडीला खेळाडूने रंध्याचा हातसुद्धा लावायचा नाही.

भारतात हा खेळ रुजला तो मुंबईच्या बंदरात, जेथे यॉट क्लब १८४६ पासून आहे, आणि पुढे सैन्याच्या संस्थांत. खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शीड सांभाळायला शिकतात. त्या जागेला ‘पीकॉक बे’ म्हणतात, म्हणजे मोरांची खाडी. काशीच्या मोरपंखीशी तिचा काही संबंध नाही, पण नाव ऐकून तिची आठवण होते खरी. १९८२ च्या आशियाई खेळांतील शिडाच्या शर्यती मुंबईलाच झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्ये सुवर्णपदक जिंकले. टोकियोला नेत्रा कुमानन लेझरच्या महिला वर्गात उतरली.

या नामावळीत काशीचा मल्लाह नाही. याचे एक कारण निसर्गात आहे: पश्चिम तीरावरची घाटांची उंच भिंत पछवा वारा अडवते, आणि जो येतो तो गल्लीबोळांतून फुटून येतो. पण मोठे कारण माणसांचे. क्लब साहेबांचे, छावण्या सरकारच्या. आणि १८७८ च्या कायद्याने उत्तर हिंदुस्थानातील सरकारी उतारांचे ठेके लिलावात निघू लागले, तेव्हा नावाड्याला नदी ही आधी पोटाची आणि पट्ट्याची बाब झाली. पाण्याचा रंग पाहून खाली वाळू आहे की खोली, हे ओळखणारी नजर त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या होती. तिची परीक्षा घेणारी शर्यत मात्र कोणी त्याच्यासाठी योजिली नाही. बुढवा मंगळ विसाव्या शतकात ओसरला. मग डिझेलची यंत्रे आली, अलीकडे त्यांच्या जागी सीएनजीची बसू लागली, आणि वल्हे मारणारे हात कमी झाले.

जानेवारी २०२३ मध्ये काशीच्या एका सरकारी महोत्सवात मल्लाहांच्या संघांच्या वल्ह्यांच्या शर्यती झाल्या. दशाश्वमेधाकडून निघून नावा राजघाटाच्या दिशेने, त्याच जुन्या पुलाकडे गेल्या. शीड त्यांतल्या एकीवरही नव्हते.