उत्कंठेची ओहोटी

एखाद्या गोष्टीवर लोकांचें प्रेम केव्हां जडलें हें इतिहासकार मोठ्या हौसेनें सांगतात. तें केव्हां उडालें याची नोंद मात्र सहसा कोठें आढळत नाहीं. राज्यें बुडतात तेव्हां निदान तहनामे तरी लिहिले जातात. आवड बुडते तेव्हां घरांतील एक माणूस उठून आंत जातो, आणि त्याच्याकडे दुसऱ्याचें लक्षही नसतें. अशाच एका निनांवी क्षणाचा शोध आम्हांस येथें घ्यावयाचा आहे. विषय 'सी. आय. डी.' या दूरचित्रवाणीवरील गुप्तपोलिसी मालिकेचा, आणि स्थळ आमचा जालना जिल्हा. विषय हलका आहे असें कांहीं वाचक म्हणतील. परंतु जिनें वीस वर्षें घरोघरच्या रात्री व्यापल्या, ती मालिका इतिहासास हलकी कां व्हावी हें आम्हांस समजत नाहीं.

ही मालिका सोनी वाहिनीवर २१ जानेवारी १९९८ रोजीं सुरू झाली. तिचे कर्ते बी. पी. सिंग यांनीं त्यापूर्वीं मुंबई दूरदर्शनसाठीं 'एक शून्य शून्य' ही मराठी पोलिसी मालिका केली होती. तींत शिवाजी साटम होते. तेच पुढें ए. सी. पी. प्रद्युम्न झाले. भाषा हिंदी खरी, पण रोपाचें मूळ मराठी मातींतलें, आणि तें आमच्या लोकांनीं तेव्हांच ओळखलें. शिवाय रहस्याची गोडी त्यांस नवी नव्हती. बाबुराव अर्नाळकरांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे महाराष्ट्रांतील वाचनालयांतून पानें सुटेपर्यंत फिरले. फरक इतकाच कीं पुस्तक एकट्यानें, प्रसंगीं वडिलांच्या नजरेआड, वाचावयाचें असे. ही कथा साऱ्या घरानें मिळून पाहावयाची होती.

प्रारंभीं भाग अर्ध्या तासाचा असे आणि एक गुन्हा बहुधा दोन भागांत उलगडे. मधला आठवडा हा प्रेक्षकांचा. त्या आठवड्यांत संशयितांची जी छाननी चाले, ती पडद्यावरील छाननीहून कांहीं कमी बारीक नसे. पुढें भाग तासाभराचा झाला आणि त्याच बैठकींत निकाल लागूं लागला. तेव्हां हा मधला अवकाश नाहींसा व्हावयाचा. आमच्याकडे तो कांहीं वर्षें टिकला, आणि टिकला तो एका आपत्तीमुळें.

१ मे १९८१ रोजीं तेव्हांच्या औरंगाबाद जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा आमचा जिल्हा. जालना शहरांत बी-बियाण्यांचा आणि लोखंडाच्या सळयांचा मोठा व्यापार. बाहेर कपाशी, मोसंबी आणि पावसाची वाट. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रांत भारनियमनानें जो कहर केला, त्याची सर्वाधिक झळ खेड्यांस लागली. अंबड, भोकरदन, परतूर या बाजूंच्या गांवीं वीज केव्हां जाईल याचें वेळापत्रक असे, आणि वेळापत्रकाबाहेरही ती जाई. डॉ. साळुंखे प्रेतावर वांकले आहेत, आतां विषाचें नांव सांगणार, तोंच अंधार! मग ओसरीवर कंदील येई आणि न्यायसभा भरे. थोरले म्हणत, भाऊच खुनी. धाकटे म्हणत, भागीदार. एरवीं सासऱ्यापुढें शब्द न काढणारी सून उंबऱ्याआडून म्हणे, "मामा, तो मुनीमच असणार, घड्याळ डाव्या हाताला होतं त्याच्या." आणि मामा तिचें म्हणणें ऐकून घेत. खरा निकाल दुसऱ्या दिवशीं शहराकडून येणाऱ्या कोणा बाजारकऱ्याकडून कळे. त्या वेळीं सुनेचा तर्क खरा ठरला तर तिचा मान दोन दिवस तरी वाढलेला असे. आमच्या मतें मालिकेचें खरें वैभव हें होतें, आणि तें तिच्या निर्मात्यांस कधीं कळलेंही नसेल.

आवड कां ओसरली, याचें प्रचलित उत्तर असें कीं मालिका पुढें पुढें असंभाव्य झाली. प्रयोगशाळेंतील यंत्रें विचारतांक्षणींच उत्तरें देऊं लागलीं. दयानें प्रत्येक दार खांद्यानें तोडलें. आणि गुन्हेगार एका थपडेसरशी सर्व कबूल करूं लागले. हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. काळापहाडाचे पराक्रम काय मोठे संभाव्य होते? कौशल्याचाही तुटवडा नव्हता. २००४ सालीं या मंडळींनीं १११ मिनिटांचा एक भाग मध्यें कोठेंही न तोडतां एका सलग चित्रणांत करून दाखविला होता.

खरें कारण असें कीं प्रेक्षकांचा वाटा संपला. आठवड्यास एक भाग होता त्याचे दोन झाले, कांहीं काळ तीनही. शिवाय जुने भाग दिवसभर पुन्हां पुन्हां दाखविले जाऊं लागले. ज्याचा पाहुणचार रोज, त्याची वाट कोण पाहणार? संशयितांत जो अत्यंत साळसूद तोच खुनी, हें शाळेंतील पोरासही कळूं लागलें, आणि तर्काची जागा सवयीनें घेतली. मग थट्टा आली. प्रद्युम्नांच्या बोटांच्या फिरविण्याची आणि दयाच्या दार तोडण्याची नक्कल गणेशोत्सवांतील करमणुकींत होऊं लागली. कित्येकांनीं तीस लोकप्रियतेची खूण मानलें. थट्टेंत माया असते हें खरें. पण ज्याची नक्कल करतां येते त्याची धास्ती उरत नाहीं, आणि खुनाच्या कथेंत धास्ती गेली म्हणजे उरतें काय?

दरम्यान 'क्राइम पेट्रोल' ही खऱ्या गुन्ह्यांवर आधारलेली मालिका २००३ पासून त्याच वाहिनीवर आली होती. तींत खुनी कोण हें ओळखण्याची मौज कमी आणि असें आपल्या घरीं घडलें तर ही धडकी अधिक. तिच्यापुढें सुनेला बोलावयास जागा नव्हती. उलट लेकीबाळींनीं सातच्या आंत घरीं यावें यास एक नवा पुरावा मिळाला. पुढें वीजही बरीच स्थिर झाली. सप्टेंबर २०१६ मध्यें जिओची सेवा सुरू होऊन आंतरजाल स्वस्त झालें आणि ज्याचा पडदा त्याच्या हातीं आला. आतां कोणताही भाग काढावा आणि सरळ शेवटचीं पांच मिनिटें पाहावीं. ज्या पांच मिनिटांसाठीं ओसरीवर रात्र जागविली जाई, तीं फुकट मिळूं लागलीं.

२७ ऑक्टोबर २०१८ रोजीं १,५४७ भाग होऊन मालिका थांबली. कागदावर तिच्या अंताची तारीख ही. आमच्या जिल्ह्यांत मात्र ती त्याच्या कितीतरी आधींच थांबली होती. कॉनन डॉयलनें शेरलॉक होम्सला १८९३ मध्यें कड्यावरून लोटलें तें स्वतः कंटाळून. वाचक कंटाळले नव्हते, म्हणून १९०३ मध्यें त्यास तो परत आणावा लागला. येथें क्रम उलटा झाला. प्रेक्षक आधीं उठून गेले आणि नट कित्येक वर्षें दारें तोडीत राहिले.

डिसेंबर २०२४ मध्यें मालिका नव्यानें सुरू झाली. एप्रिल २०२५ मध्यें ए. सी. पी. प्रद्युम्नांचा मृत्यू दाखविण्यांत आला, आणि पुढें ते जिवंत परतलेही. मृत्यूची ती वार्ता आमच्याकडील जुन्या प्रेक्षकांस मोबाइलवर कळली. कित्येकांनीं हळहळ व्यक्त केली, तीही मनापासून; एकानें तर साटम स्वतः सुखरूप आहेत ना, अशी चौकशी केली. त्यांना कोणी मारलें, हें मात्र कोणी विचारलें नाहीं.