ग्रोटेफेंड : पर्सेपोलिसची लिपी उलगडणारा शाळाशिक्षक

१/ इ.स. १८०२. जर्मनीतील ग्योटिंगेनच्या शाळेत गेऑर्ग फ्रीडरिश ग्रोटेफेंड हे २७ वर्षांचे शिक्षक अध्यापन करीत होते. पौर्वात्य भाषांचे ते पंडित नव्हते. तरीही दोन हजारांहून अधिक वर्षे मूक राहिलेल्या एका लिपीतील राजांची नावे प्रथम त्यांनीच ओळखली.

२/ ही लिपी म्हणजे इराणमधील पर्सेपोलिसच्या भग्न राजवाड्यावरील, खिळ्यांच्या आकाराची कीलाकार लिपी. तिच्या विश्वसनीय नकला १७६५ मध्ये कार्स्टेन नीबुर यांनी केल्या. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात धाडलेल्या मोहिमेतील ते एकटेच हयात उरले होते. शेवटचा सहकारी मुंबईत वारला होता. मुंबईहून परतताना त्यांनी पर्सेपोलिस गाठले.

३/ तिरका खिळा दोन शब्द वेगळे करतो आणि वारंवार येणारा एक शब्द 'राजा' असावा, एवढे अनुमान आधीच्या अभ्यासकांनी केले होते. पुढील काळातील सासानी शिलालेखांचा साचाही ज्ञात होता : अमुक, राजाधिराज, अमुक राजाचा पुत्र. प्राचीन राजांनीही हाच साचा वापरला असेल, असे ग्रोटेफेंड यांनी गृहीत धरले.

४/ मग त्यांनी दोन लेख शेजारी ठेवले. एकातील राजाच्या पित्याला 'राजा' ही पदवीच नव्हती. दुसऱ्या लेखातील राजा मात्र या पहिल्या राजाचा पुत्र होता. म्हणजे आजोबा राजे नव्हते. पुत्र आणि नातू राजे होते.

५/ अशी वंशावळ ग्रीक इतिहासग्रंथांत सापडते. सायरस आणि कॅम्बिसिस यांची नावे ग्रीकमध्ये एकाच अक्षराने सुरू होतात. लेखांतील नावांचे तसे नव्हते. उरले हिस्टास्पिस, दारियस आणि झर्क्सिस. या नावांची इराणी रूपे ठरविताना आंकेतिल-द्युपेराँ यांचा १७७१ चा अवेस्ता-अनुवाद उपयोगी पडला. त्यामागे सुरतेच्या पारशी दस्तुरांकडून मिळालेली विद्या होती.

६/ ४ सप्टेंबर १८०२ रोजी हे संशोधन ग्योटिंगेनच्या विद्वत्सभेपुढे मांडले गेले. पण सभेने संपूर्ण निबंध छापला नाही. १८०५ मध्ये इतिहासकार हेरेन यांच्या ग्रंथाच्या परिशिष्टात त्याला जागा मिळाली. मूळ निबंध प्रसिद्ध झाला १८९३ मध्ये, ग्रोटेफेंड यांच्या मृत्यूनंतर ४० वर्षांनी.

७/ त्यांनी ठरविलेली अनेक अक्षरे चुकीची निघाली. रास्क, ब्यूर्नूफ, लासेन आणि रॉलिन्सन यांनी ते काम पूर्णत्वास नेले. ग्रोटेफेंड मात्र शिक्षकच राहिले. १८२१ पासून १८४९ पर्यंत ते हानोव्हरच्या शाळेचे प्रमुख होते. उंब्रियन व ओस्कन या प्राचीन भाषांवर त्यांनी लिहिले. १८४० ते १८४२ या काळात प्राचीन इटलीच्या भूगोल-इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध केला.

८/ याच अभ्यासकाने १८३६ मध्ये फसवणूकही पत्करली. फिनिशियाचा लुप्त इतिहास सापडल्याचा दावा वागेनफेल्ड या तरुणाने केला आणि ग्रोटेफेंड यांनी त्याच्या सारांशाला प्रस्तावना लिहिली. तो मजकूर बनावट ठरला.

९/ १८०२ मध्ये एका शिलालेखाची साक्ष दुसऱ्या शिलालेखाने तपासता आली होती. १८३६ मध्ये पडताळण्यासाठी मूळ हस्तलिखितच समोर नव्हते. बुद्धी तीच होती, विद्वत्ता तर अधिकच वाढली होती. उणीव होती ती दुसऱ्या साक्षीची.

(समाप्त)